शहरांची शिरगणती आणि छेदाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी उत्तरेतील एका मध्यम आकाराच्या शहराच्या पाणीपुरवठा योजनेची छाननी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. प्रस्तावाची नस्ती व्यवस्थित होती. नकाशे होते, पंपांची क्षमता होती, जलवाहिन्यांची लांबी होती. एकच गोष्ट मला अडली. शहराची लोकसंख्या नस्तीत तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिली होती. एक आकडा २०११ च्या शिरगणतीवरून वाढीचा दर लावून काढलेला, दुसरा शिधापत्रिकांवरून जुळवलेला आणि तिसरा मतदारयादीवरून अंदाजलेला. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात तीस हजारांहून अधिक अंतर होते. माणशी रोज १३५ लिटर हा रूढ निकष लावला तर तीस हजार माणसांचा फरक म्हणजे दररोज चाळीस लाख लिटर पाण्याचा फरक. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना विचारले, "यातला खरा आकडा कोणता?" ते हसून म्हणाले, "साहेब, ज्या आकड्यावर मंजुरी मिळेल तो."

उत्तर प्रामाणिक होते. परंतु त्यामुळे एक जुना प्रश्न माझ्या मनात पुन्हा उभा राहिला. आपल्या शहरात माणसे किती, हे शहराने स्वतः कधी मोजले होते काय? आणि मोजले असेल तर कशासाठी? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवले जाते की कोणत्याही दराला अंश आणि छेद असे दोन भाग असतात. मृत्युदर, साक्षरता, दरडोई उत्पन्न, दरडोई पाणी, या सर्वांत अंशावर आपण वाद घालतो आणि छेद गृहीत धरतो. शहरांच्या शिरगणत्यांचा इतिहास हा या गृहीत धरलेल्या छेदाचा इतिहास आहे, आणि प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला वाटते.

मराठीत शिरगणतीला खानेसुमारी असाही एक शब्द आहे. फारसीतील 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजणी. म्हणजे हा शब्द मुळात घरे मोजण्याचा आहे, डोकी मोजण्याचा नव्हे. जुन्या राज्यव्यवस्थांना घर मोजण्यातच रस होता, कारण कर घरावर बसे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या नागरकाच्या हाताखाली 'गोप' सांगितला आहे. दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबे त्याच्याकडे सोपवलेली असत. त्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नाव, व्यवसाय आणि जमाखर्च त्याने जाणावा अशी अपेक्षा होती. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत शहर कोतवालाने घरांची नोंदवही ठेवावी आणि मोहल्ल्यात येणाऱ्याजाणाऱ्यांची रोजची खबर घ्यावी असे म्हटले आहे. हे दोन्ही ग्रंथ कारभार कसा असावा हे सांगतात. तो प्रत्यक्षात तसा होताच असे त्यावरून म्हणता येत नाही. मात्र जोधपूरचे दिवाण मुहणोत नैणसी यांनी सतराव्या शतकात तयार केलेल्या मारवाडच्या परगण्यांच्या 'विगत'मध्ये गावोगावच्या नोंदींबरोबर शहरांतील घरांचे जातवार आकडे प्रत्यक्ष दिलेले आहेत. तेव्हा मोजणी ही इंग्रजांनी आपल्याला शिकवली, हा समज बरोबर नाही. घर मोजून झाल्यावर घरातील प्रत्येक माणूस मोजणे ही मात्र निराळी गोष्ट होती, आणि ती फार पुढे आली.

घरापासून माणसापर्यंतचे हे अंतर किती धोक्याचे आहे, याची उदाहरणे कंपनीच्या काळातील शहरांतून मिळतात. १७५२ मध्ये कलकत्त्याचे 'जमीनदार' असलेल्या हॉलवेलने शहरात ५१,१३२ घरे धरली, प्रत्येक घरात ८ माणसे धरली आणि गुणाकार करून ४,०९,०५६ लोकसंख्या जाहीर केली. शेवटच्या अंकापर्यंत नेमका दिसणारा हा आकडा प्रत्यक्षात एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजाने गुणून आलेला होता. पुढे सत्तर वर्षे शहर वाढत असताना, १८२१ मध्ये करनिर्धारकांनी केलेल्या मोजणीत लोकसंख्या निघाली १,७९,९१७! शहर ओस पडले नव्हते. फक्त गुणक बदलला होता.

काशीचे उदाहरण याहून बोलके आहे. १८०० च्या सुमारास तेथील शहर कोतवालाने केलेल्या मोजणीत सुमारे ३० हजार घरे आणि ५ लाख ८० हजारांहून अधिक माणसे दाखवली होती. काही मजल्यांच्या उंच वाड्यांत प्रत्येकी शंभराच्या वर माणसे राहत असावीत, अशा कल्पनेवर तो आकडा उभा होता. पुढे जेम्स प्रिन्सेप काशीच्या टांकसाळीत नोकरीस आले. ब्राह्मी लिपीच्या उलगड्यामुळे आपण त्यांना ओळखतो. त्यांनी १८२७-२८ च्या सुमारास मोहल्ल्यामोहल्ल्याने शहराची मोजणी केली. घरांची संख्या पुन्हा सुमारे ३० हजारच आली, परंतु माणसे भरली सुमारे १ लाख ८० हजार. म्हणजे कोतवालाने घरे बरोबर मोजली होती. चूक झाली ती दर घरी १९ माणसे धरण्यात. ती होती जेमतेम ६.

त्याच सुमारास, १८३० मध्ये, हेन्री वॉल्टर यांनी ढाका शहराची मोजणी केली. उपखंडातील शहराची पहिली पूर्ण शिरगणती म्हणून आपल्या शिरगणती खात्याच्या इतिहासात तिचाच उल्लेख केला जातो. तीत स्त्रीपुरुष, ढोबळ वयोगट आणि घरांच्या सोयी अशी माहिती गोळा केली होती. लोकसंख्या भरली ६६,९८९. त्याआधी केवळ सहा वर्षे, १८२४ मध्ये, ढाक्यास गेलेल्या बिशप हेबर यांना तेथील अधिकाऱ्याने शहरात तीन लाख माणसे असल्याचे सांगितले होते. मलमलीचा व्यापार बसला, विणकर पांगले, तरी शहराची जुनी कीर्ती अधिकाऱ्यांच्या तोंडच्या आकड्यात टिकून राहिली होती. कोणत्याही शहराला आपण आहोत त्यापेक्षा मोठे वाटणे आवडते आणि अधिकाऱ्यालाही आपला ताबा मोठा वाटणे आवडते. प्रत्यक्ष मोजणीचा पहिला उपयोग हा भ्रम उतरवण्यासाठी झाला.

पण मोजणी नीट व्हायची तर दारातल्या माणसाने खरे सांगायला हवे. तो खरे केव्हा सांगतो? काशीचाच इतिहास येथे उपयोगी पडतो. १८१० मध्ये सरकारने घरपट्टी बसवण्याचा नियम केला. अंमलबजावणीसाठी घरांची पाहणी सुरू होताच १८१०-११ च्या हिवाळ्यात सारे शहर बंद झाले. दुकाने मिटली, कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि लोक शहराबाहेर मोकळ्या मैदानात धरणे धरून बसले. अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. गांधीवादी इतिहासकार धर्मपाल यांनी या प्रसंगाची कागदपत्रे प्रकाशात आणली आणि सविनय कायदेभंगाची परंपरा आपल्याकडे आधीपासून होती असे दाखवून दिले. प्रशासकाने यातून आणखी एक धडा घ्यावा असा आहे. दारात येणारा माणूस कशासाठी आला आहे, हे लोक प्रथम ओळखतात आणि मग उत्तर देतात. कर वाढणार असेल तर घरातील माणसे कमी होतात आणि धान्य मिळणार असेल तर वाढतात. आकड्याची अचूकता प्रगणकाच्या प्रशिक्षणावर जितकी अवलंबून असते तितकीच त्या संशयावरही असते.

१८६० च्या दशकात शहरांना स्वतःहून मोजणीची गरज भासू लागली, ती आरोग्यामुळे. १८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजकीय आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि १८६४ मध्ये तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. पटकीने किती मेले हे दफनभूमीच्या आणि स्मशानाच्या नोंदींतून कळू शकत होते. किती माणसांपैकी मेले हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. मद्रासने १८६३ मध्ये, मुंबईने १८६४ मध्ये आणि कलकत्त्याने १८६६ मध्ये शहरापुरती शिरगणती केली. संपूर्ण देशाची पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास आणि सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली १८८१ मध्ये. म्हणजे आपल्या मोठ्या शहरांनी देशाच्या आधी स्वतःला मोजले होते.

यांतील मुंबईची मोजणी विशेष महत्त्वाची ठरली, कारण ती अगदी विलक्षण वेळी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. देशभरातून माणसे मुंबईकडे धावत होती. डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली १८६४ मध्ये झालेल्या मोजणीत ८,१६,५६२ माणसे भरली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, बँका बुडाल्या. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या निघाली ६,४४,४०५. आठ वर्षांत शहराने पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे पाचातले एक, माणूस गमावले होते. १८६४ ची ती स्थानिक मोजणी झाली नसती, तर त्या तेजीच्या काळात मुंबईवर किती भार पडला होता याची कल्पना आज केवळ वर्णनांवरून करावी लागली असती. दहा वर्षांनी एकदा होणाऱ्या मोजणीच्या दोन टोकांमध्ये एखादे शहर फुगून पुन्हा ओसरू शकते.

कलकत्त्यात निराळाच प्रकार झाला. १८७२ च्या मोजणीतील शहराचे आकडे समाधानकारक वाटले नाहीत, म्हणून १८७६ मध्ये शहरापुरती पुन्हा शिरगणती करण्यात आली. तिचा अहवाल लिहिणारे बेव्हर्ली हेच १८७२ च्या बंगालच्या शिरगणतीचेही प्रमुख होते. स्वतःच्या देखरेखीखाली झालेली मोजणी चार वर्षांत पुन्हा करण्याची तयारी दाखवणारा अधिकारी आजही विरळाच, हे येथे नमूद केले पाहिजे.

पण या सर्व इतिहासात मला सर्वांत शिकवणारी वाटते ती मुंबईची १९०६ ची शिरगणती. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग आला. घरोघरची झडती, विलगीकरण आणि इस्पितळाची भीती यांमुळे लाखो लोक शहर सोडून गेले. पुण्यात १८९७ मध्ये हीच झडती कोणत्या थराला गेली आणि तिची परिणती रँडच्या खुनात कशी झाली, हे मराठी वाचकांना सांगायला नको. त्यानंतर चारच वर्षांनी, १ मार्च १९०१ रोजी, देशाची शिरगणती झाली. मार्च हा मुंबईत प्लेगच्या ऐन जोराचा काळ. शहराची लोकसंख्या निघाली ७,७६,००६, म्हणजे १८९१ पेक्षाही कमी. मोजणीत चूक नव्हती. त्या रात्री शहरात जेवढी माणसे होती तेवढीच मोजली गेली होती. परंतु जी माणसे साथ ओसरताच परतणार होती ती त्या आकड्यात नव्हती, आणि हाच आकडा पुढील दहा वर्षे शहराचा अधिकृत आकडा राहणार होता.

याचा परिणाम काय होतो ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या वर्षी शहरात ५० हजार मृत्यू झाले. ७,७६,००६ या छेदावर मृत्युदर येतो दर हजारी ६४. आता महापालिकेने १९०६ मध्ये जी स्वतंत्र शिरगणती केली, तिच्यात लोकसंख्या भरली ९,७७,८२२. याच छेदावर तेच ५० हजार मृत्यू दर हजारी ५१ होतात. एकही माणूस अधिक वाचला नाही, एकही नळ अधिक बसला नाही, आणि तरी मृत्युदर तेरा अंकांनी खाली आला. जुन्या छेदावर काम करणाऱ्या आरोग्य खात्याचे श्रम पाण्यात गेल्यासारखे दिसले असते, आणि पाणी, गटारे व दवाखाने पावणेआठ लाख लोकांसाठी आखले गेले असते, जेव्हा प्रत्यक्षात पावणेदहा लाख राहत होते. हा दोन लाखांचा फरक चाळींच्या एकेका खोलीत कोंबून राहणाऱ्या गिरणी कामगारांचा होता, असे मानायला हरकत नाही. १९११ च्या देशव्यापी शिरगणतीत मुंबईचा आकडा ९,७९,४४५ आला आणि महापालिकेच्या मोजणीची एक प्रकारे खातरजमा झाली.

महापालिकेने यात केंद्राशी स्पर्धा केली नव्हती. देशाच्या शिरगणतीचा उद्देश निराळा होता आणि शहराची गरज निराळी होती, एवढे ओळखून तिने आपल्या गरजेपुरती मोजणी केली. खर्च केला, माणसे लावली आणि निघालेला आकडा मान्य केला.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. राज्यघटनेने शिरगणती हा विषय केंद्रसूचीत ठेवला, १९४८ चा शिरगणती कायदा झाला, आणि देशभर एकाच पद्धतीने, एकाच वेळी मोजणी करण्याची उत्तम परंपरा रुजली. तिचे मोल मी कमी लेखत नाही. माझे सारे सरकारी आयुष्य त्या आकड्यांवर चालले आहे. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने नगरपालिकांनाही माहिती गोळा करण्याचा अधिकार दिला, पण केंद्रसूचीतील विषय त्यातून वगळले. त्यामुळे शहराला आज 'शिरगणती' करता येत नाही. 'सर्वेक्षण' करता येते. बिहार सरकारने केलेल्या जातवार गणनेचा वाद पाटणा उच्च न्यायालयात गेला तेव्हा हाच भेद चर्चेत आला, आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने ती गणना वैध ठरवली.

सर्वेक्षणाची परंपराही काही कमी नाही. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व घरे न मोजता नमुना निवडूनही शहर समजून घेता येते, हे तिने दाखवून दिले. परंतु नमुना पाहणीतून दर काढता येतो, हक्क देता येत नाही. हक्क द्यायचा तर प्रत्येक दार मोजावे लागते.

याचे उदाहरण पुन्हा मुंबईचेच आहे. ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईतील झोपड्यांची एका दिवसात गणना झाली आणि मोजलेल्या कुटुंबांना ओळखपत्रे मिळाली. पुढे पदपथावरील रहिवाशांच्या प्रकरणात, ओल्गा टेलिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निकाल दिला, तेव्हा १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यावी असे म्हटले. त्या एका दिवशी प्रगणक दारात आला की नाही, यावर नऊ वर्षांनी माणसाचे छप्पर ठरले. पदपथावर राहणाऱ्या पुष्कळांचे दारच नव्हते. म्हणून १९८५ मध्येच 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या सुमारे ६ हजार कुटुंबांची गणना केली आणि अहवालाला 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाचे नाव दिले. महापालिकेने जे करायचे ते येथे एका संस्थेने आणि तेथील बायकांनी केले.

आता वर्तमानाकडे येतो. २०२१ ची शिरगणती आधी महामारीमुळे आणि नंतर अन्य कारणांनी लांबली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा ठरला. हिमाच्छादित भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे. म्हणजे दोन मोजण्यांत दहाऐवजी सोळा वर्षांचे अंतर पडले. या काळात आपले कायदे २०११ च्या छेदावर चालत राहिले. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनुसार नगरपालिकेपुरती 'लोकसंख्या' म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या शिरगणतीतील लोकसंख्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील लाभार्थींची संख्याही अशाच प्रसिद्ध आकड्यांना बांधलेली आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहराच्या किंवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के इतक्या विक्रेत्यांना सामावून घेण्याचा निकष आहे. २०११ नंतर दुप्पट झालेल्या एखाद्या उपनगरात भाजीची हातगाडी लावणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा छेद म्हणजे तिचा परवाना आहे. अंश मोजण्यासाठी, म्हणजे विक्रेते मोजण्यासाठी, याच कायद्याने पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण सांगितले आहे. छेदासाठी मात्र दहा वर्षे, आणि प्रत्यक्षात सोळा वर्षे, थांबायचे.

माझे मत असे की शहरांनी दोन शिरगणत्यांच्या मध्ये, पाचव्या वर्षी, एक साधी घरोघर मोजणी करावी. जात, धर्म, उत्पन्न काही विचारू नये. घर, त्यात नेहमी राहणारी माणसे, हंगामी राहणारी माणसे, नळ आणि शौचालय, एवढेच विचारावे. मालमत्ता कर विभागाकडे ते काम देऊ नये. काशीचा धडा आठवावा. आरोग्य विभागाकडे द्यावे, कारण त्याच्या माणसाला दार उघडताना लोकांना फारशी भीती वाटत नाही. निघालेला आकडा कायद्याच्या दृष्टीने अधिकृत नसेल, पण पाण्याची टाकी किती मोठी बांधावी हे ठरवायला त्याची हरकत कोणाला असू शकेल?

असो. ज्या नस्तीपासून सुरुवात केली तिचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मी तिच्यावर टिपण लिहिले की शहराने दोन प्रभागांत घरोघर मोजणी करून दर घरी माणसे किती हे आधी कळवावे आणि मग प्रस्ताव पाठवावा. यास चार महिने लागले आणि त्याबद्दल मला वरून विचारणाही झाली. मोजणीत जुन्या वस्तीत दर घरी माणसे अंदाजापेक्षा कमी निघाली, आणि स्थानकामागच्या नव्या वस्तीत जवळजवळ दीडपट. टाकीची एकूण क्षमता फारशी बदलली नाही. तिची जागा मात्र बदलली, आणि आधीच्या नकाशात जेथे जलवाहिनी संपत होती त्याच्या पुढे ती आणखी काही गल्ल्यांत गेली.